दादाच्या पंपाची खरखर

बंदरावर त्याला सगळे खरखऱ्या म्हणत. आवाज घोगरा होता म्हणून नव्हे. बोटींवरच्या यंत्रांतली खरखर काढणं हाच त्याचा धंदा होता म्हणून. त्या दुपारी तो वहिनींच्या बोटीवर चढला तेव्हा धुकं धक्क्याच्या पायऱ्यांपर्यंत आलं होतं.

त्याचा थोरला भाऊ, दादा, गेल्यावर चार वर्षांनी वहिनींनी पुन्हा बोट घेतली होती, दुसऱ्या कुणाची वापरलेली, आणि संध्याकाळच्या भरतीला त्या पहिल्यांदा ती स्वतः बाहेर काढणार होत्या. अडचण एकच होती. लांबच्या मनोऱ्यांचे इशारे पकडून बोट कुठे आहे ते आकड्यांत दाखवणारं यंत्र काही केल्या ठरत नव्हतं. धक्क्याला बांधलेली बोट ते घटकेत मैलभर इकडे दाखवी, घटकेत तिकडे.

“धुक्यात माझे डोळे तेच, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “तेवढं नीट करा.”

खरखरीत मनोऱ्यांचे इशारे बुडाले की आकडे भरकटतात, हे त्याला ठाऊक होतं. त्याची पद्धत ठरलेली होती. यंत्राला हेडफोन लावायचे आणि बोटीवरची एकेक वस्तू बंद करत जायचं. जिच्याबरोबर खरखर जाईल ती चोर. त्याने दिवे बंद केले, चार्जर काढला, पंख्याची वायर सोडवली. शेवटी यंत्र आणि त्याची बॅटरी तेवढी उरली. खरखर होतीच. अठरा सेकंद घरघर, मग खोकल्यासारखी उबळ, मग शांत. पुन्हा घरघर.

ही घरघर त्याला तोंडपाठ होती. दादाच्या बोटीत तळाचं पाणी उपसणारा पंप असाच वाजायचा. त्या पंपाच्या मोटारीवरचा कंडेन्सर, खरखर गिळून टाकणारा अंगठ्याएवढा डबा, त्यानेच काढला होता, दुसऱ्या एका घायकुत्या गिऱ्हाइकासाठी. उद्या नवा लावू, म्हणून. दादा त्याच संध्याकाळी धुक्यात गेला. यंत्र भरकटलं आणि बोट खडकावर फुटली. कंडेन्सरचं त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. वहिनी अजूनही अडीअडचणीला आधी त्यालाच हाक मारत, आणि ते त्याला खुपत असे.

“या बोटीत पंप चालू आहे का?”

“मोडका होता. सकाळीच काढला. तो काय, धक्क्यावर पडलाय.”

त्याने खिशातला छोटा रेडिओ काढला आणि आडवा धरून सावकाश फिरवला. ज्या दिशेला टोक धरल्यावर आवाज बुडतो, तिथे चोर असतो. टोक समुद्राकडे वळलं आणि आवाज बुडाला. तिकडे दादाची बोट फुटली ते खडक होते, दुसरं काही नव्हतं.

“सापडलं का?”

“बघतोय…”

वहिनी खाली इंजिनाकडे गेल्या. त्याने पेटीतून कोराकरकरीत कंडेन्सर काढला, स्वतःला मूर्खात काढलं आणि तो पाण्यात सोडला. “दादा… घे रे.”

घरघर अर्ध्यातच थांबली.

हेडफोनमध्ये आता फक्त मनोऱ्यांचे स्वच्छ ठोके होते. चार वर्षांत पहिल्यांदा त्याची छाती हलकी झाली. सुटलो, असं त्याला वाटलं. न सांगता सुटलो.

इंजिन सुरू करून वहिनी हात पुसत वर आल्या. “गेली ना खरखर? तुम्ही आहात म्हणून माझी हिंमत होते, भाऊजी. सोडा दोर.”

त्याने एकदा आकडे पाहिले. तसूभरही हलत नव्हते. पण ते या धक्क्याचे नव्हते. दादाच्या अपघाताच्या चौकशीच्या कागदावर त्याने ते इतक्यांदा वाचले होते की विसरणं शक्य नव्हतं. ते खडकाचे आकडे होते.

“वहिनी… इंजिन बंद करा.”

“का?”

“दादाच्या पंपाचं… तुम्हाला सांगायचं राहिलंय.”

त्यांनी इंजिन बंद केलं. त्याने मान खाली घालून सगळं सांगितलं. बोलताना त्याला रडू आलं, आणि त्याने ते आवरलं नाही. शेवटी त्याने वर पाहिलं, तर वहिनी त्याच्याकडे बघतच नव्हत्या. यंत्राकडे बघत होत्या.

शेवटचा आकडा बदलला. मग पुन्हा बदलला. दोर खुंटाला तसाच घट्ट होता, बोट जागची हलली नव्हती. आकडे मात्र खडक सोडून धक्क्याकडे, कुणी सावकाश वल्हवत यावं तसे, एकेक करत सरकत होते.