न वाचता बंद

तो मामाच्या टायपिंगच्या दुकानात शिरला तेव्हा मी प्रिंटरला शिव्या घालत होते. कागद अडकलेला, मामा जेवायला गेलेला, आणि समोर दूधवाली काकू मुसमुसतेय. फायनान्स कंपनीनं तिचं फिटलेलं कर्ज परत चालू दाखवलं होतं. तिची तक्रार मी टाइप करत होते.

“एक विचारू?” कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज मात्र मऊ. “‘नमस्कार नाही, आधी ऐका’... तक्रारींची ही सुरुवात तुमची का?”

माझी बोटं थांबली. “तुम्हाला काय करायचंय?”

“मी ती रोज वाचतो. त्या कंपनीच्या तक्रार विभागात आहे.”

म्हणजे हाच तो! ‘आपली तक्रार बंद करण्यात आली आहे’ असं उत्तर पाठवणारा!

“हात दाखवा बघू. झडले कसे नाहीत अजून?”

हसला मेला. गालाला खळी पडली. मला ती दिसली, म्हणून आणखीच राग आला.

“साहेबांनी पाठवलंय,” तो म्हणाला. “सरकारचा नवा नियम येतोय. एकाच जागेवरून, सारख्या शब्दांत आलेल्या तक्रारी खोट्या धरायच्या. न वाचता बंद. मला दुकान बघून रिपोर्ट द्यायचाय.”

दहावीत शाळा सोडलेली मी, त्या एका वाक्याची मला काय ऐट! प्रत्येकाच्या तक्रारीवर चिकटवलं होतं. आता त्याच वाक्यानं सगळ्यांना खोटं ठरवणार?

“खोट्या? ही काकू खोटी आहे? काढा चिमटा, बघा!”

“मला कशाला? त्याला काढ की,” काकू नाक पुसत म्हणाली.

“एवढं भांडून दमत नाही तुम्ही?” त्यानं मला विचारलं.

“वाचून तुम्ही दमता?”

“नाही ना... तीच तर पंचाईत. तुमची तक्रार आली की माझा चहा गार होतो.”

“आणि तरी बंद करता!”

“वरून सांगतात—”

“वरून सांगतात म्हणे! पगार काय मान हलवायचा मिळतो?”

त्याचे कान लाल झाले. मग तो स्टूल ओढून माझ्यासमोर बसला.

“नियमावर लोकांची मतं मागवलीत. आज शेवटचा दिवस. माझं लिहून घ्याल?”

“शिकलेले आहात ना? लिहा स्वतः.”

“एकटा असलो की माझा धीर सुटतो. तुमच्यासमोर बोललो, तर मागे फिरता येणार नाही.”

मी कीबोर्ड ओढला. तो सांगत गेला, मी बडवत गेले. ‘मी याच कंपनीत तक्रारी बंद करतो. या दुकानातल्या तक्रारींमागची माणसं खरी आहेत. शब्द सारखे आहेत, कारण लिहून देणारी एकच आहे...’

“पुढे?”

“...आणि ती मला आवडते.”

माझ्या बोटांनी तेही टाइप केलं. काकूचं रडणं कधीच थांबलं होतं, कान टवकारून बसली होती.

“नाव टाकू?” माझाच आवाज मला चोरटा वाटला. “नोकरी जाईल तुमची.”

“टाका.”

टाकलं. शेवटचं वाक्य मात्र खोडलं. त्याचा चेहरा पडला.

“ते सरकारच्या काय कामाचं?” मी म्हटलं. “माझ्याजवळ राहू दे.”

आणि पाठवून दिलं. तो बघतच राहिला... मीही. पण राग गेला नव्हता हं माझा!

“आता ऑफिसात जा, काकूची तक्रार उघडा,” मी म्हटलं. “आणि उद्या या. मला अजून खूप भांडायचंय.”