जुन्या डिस्कवर दोन टिचक्या

ठाण्याचा विश्राम माझ्याबरोबर कामाला होता. जुन्या युनिक्स मशीनची, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरची, कामं करणारा आपल्याकडे आता तोच उरलाय. ही त्याच्यावरच गुदरलेली गोष्ट, आणि तो उगाच काही सांगणारा माणूस नाही.

डिसेंबर २०२२, चौदा तारीख, बुधवार. डोंबिवलीच्या एका रंगाच्या कारखान्यातून मालकीण वैशाली मॅडमचा त्याला फोन आला. "काका, मशीन फार हळू चाललंय, मधेच थांबतं. पंचवीस वर्षांच्या रंगांच्या कृती त्यातच आहेत. त्या गेल्या तर कारखाना बंद."

दिवसा मशीन मोकळं नसायचं. म्हणून दुसरी पाळी सुटल्यावर, रात्री अकराला, विश्राम दोन नव्या डिस्क घेऊन पोचला. जुन्या डिस्कवरचं सगळं दोन्हींवर उतरवायचं, म्हणजे एक गेली तरी दुसरी राहते आणि मशीनही पळतं. मॅडम खोली उघडून देऊन टिटवाळ्याला घरी निघून गेल्या.

त्या खोलीत वीस वर्षं मशीन सांभाळणारा नाथा बसायचा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेला. ड्युटीवर, तिथल्याच खुर्चीत.

विश्राम सकाळी सहापासून कामात होता. कॉपी सुरू करून तो जमिनीवरच टेकला. एक चाळीसला जुन्या डिस्कची घरघर थांबली. बासष्ट टक्के. अशी डिस्क अडकली की कधी कधी टिचकी मारली तर फिरते. त्याने हात पुढे केला...

टक. टक.

डिस्क फिरायला लागली. त्याचं बोट अजून लागलंही नव्हतं.

मागे खुर्ची करकरली. त्याने वळून पाहिलं नाही. उठून जावं, तर कृती अर्ध्यावर. चाळीस जणांची घरं त्यावर. "आणि खरं सांगू," मला म्हणाला, "पळायचं त्राणच नव्हतं रे."

"नाथाभाऊ," तो हळूच बोलला, "अजून अडतीस टक्के राहिलेत."

पुन्हा अडकली. टक. टक. चालली.

अडीच वाजले. तीन. पुन्हा अडकली.

टक...

बराच वेळ काही नाही. मग त्याच्या मानेजवळ कुणीतरी दमलेला श्वास सोडला.

टक.

तीन बावन्नला शंभर टक्के.

"झालं, भाऊ. जा आता."

खुर्ची एकदा करकरली. दार वाजलं नाही.

सकाळी मॅडम आल्या. मशीन झरझर चाललं, एकही कृती गेली नव्हती. त्या चहा सांगायला गेल्या, तेव्हा विश्रामने डिस्कना लेबल लावायला मशीनचं झाकण उघडलं. रात्री स्क्रू कमी पडले म्हणून दुसरी डिस्क त्याने दोनच स्क्रूंवर बसवलेली.

आता चार होते. वरचे दोन जुने, पितळेचे, घट्ट आवळलेले. त्याच्या पिशवीतला एकही स्क्रूड्रायव्हर त्यांना लागेना.