टाळीनंतरचं

हरवलेल्या वस्तूची घोषणा तीनदा करायची, असा बस स्थानकावरचा नियम होता. ती तिसऱ्यांदा करत होती.

"निळ्या रंगाची पिशवी. आत वायरींचा गुंता, एक मोठा हेडफोन आणि बिस्किटांचा अर्धा पुडा. ज्यांची असेल त्यांनी चौकशीच्या खिडकीशी यावं."

खिडकीशी एक उंच माणूस मघापासून उभाच होता. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, डोळे मिटलेले. उभ्या उभ्या झोप लागली की काय याला, असं तिला वाटलं. तिनं काचेवर टकटक केलं.

"पिशवी तुमची का?"

"हो."

"मग पहिल्यांदा सांगितलं तेव्हाच का नाही बोललात?"

"पहिल्यांदा पिशवी आठवली," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा... नुसता आवाज ऐकला. तिसऱ्यांदा वाटलं, विचारून टाकावं. पुस्तकं वाचाल का? म्हणजे मोठ्यानं. आमच्या स्टुडिओत, माईकसमोर."

ओळख ना पाळख, आणि हा पठ्ठ्या थेट कामच घेऊन आला! कुणी दुसरी असती तर तिनं पिशवी हातात देऊन वाटेला लावलं असतं. पण सहा वर्षं लोकांच्या छत्र्या आणि डबे पुकारून ही इतकी कंटाळली होती, की तिच्या तोंडून निघून गेलं, "कसली पुस्तकं?"

पुस्तकं होती 'सावलीवंश' नावाच्या मालिकेची. सात जाडजूड भाग. कॉलेजातल्या पोरी त्यांवर जीव टाकत. नायक चारशे वर्षांचा, देखणा, आणि त्याला सावली नाही. नायिका एकोणीस वर्षांची, आणि तिला अक्कल नाही... निदान वाचणारीचं तरी तसं मत होतं. पहिला भाग नोकरी सांभाळून सहा महिन्यांत वाचून रेकॉर्ड करायचा, तो लेखिकाबाईंनी ऐकायचा, आणि त्यांना आवाज पसंत पडला तर उरलेले सहाही भाग हिचे. नाही पडला तर राम राम. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस, असं थोरल्या बहिणीनं चारचारदा बजावलं होतं. हिनं ऐकल्यासारखं केलं आणि पहिला भाग संपला त्याच दिवशी बस स्थानकाचा राजीनामा देऊन टाकला.

तर तो उंच माणूस. स्टुडिओत त्याला सगळे कात्री म्हणत, कारण रेकॉर्डिंगमधले खोकले, अडखळणं, खुर्चीची कुरकुर हे सगळं तो कापून टाकायचा. दोघांच्या मध्ये एक जाड काच. अलीकडे ती, माईक आणि पाण्याचा पेला. पलीकडे तो आणि त्याची यंत्रं. त्यानं बटण दाबलं की टक् असा आवाज व्हायचा आणि त्याचं बोलणं थेट तिच्या कानात यायचं, अगदी शेजारी बसून बोलल्यासारखं. पहिल्या दिवशी तिच्या मानेवर काटा आला होता. एसी जोरात आहे, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

कामाची रीत साधी होती. वाचताना चुकलं की एक टाळी वाजवायची आणि वाक्य पुन्हा घ्यायचं. पडद्यावर आवाजाची रेघ दिसते, तिच्यात टाळी लगेच ओळखू येते. टाळीपासून पुढच्या बरोबर वाक्यापर्यंतचं सगळं कात्रीनं कापायचं. तिसऱ्या दिवशी तिला या रितीतली गंमत कळली. टाळीनंतर काहीही बोललं तरी चालतं!

"'...आणि त्याचे डोळे हळूहळू सोनेरी होत गेले.'" टाळी. "सोनेरी? अगं, डॉक्टरकडे ने त्याला, कावीळ आहे ती."

टक्. "कावीळ नाही, प्रेम आहे ते."

"सुरुवातीला लक्षणं सारखीच दिसतात."

काचेपलीकडे तो हसला. हसू ऐकू येत नव्हतं, फक्त खांदे हलताना दिसत होते. त्या दिवसापासून तिला टाळी वाजवायचं व्यसनच लागलं. चारशे वर्षं जगून हा अजून पहिल्या वर्षाला, नापास तरी किती वेळा झाला? हा लांडग्यासारखा धावतो, दीडशे मैल, आणि शर्टाला घाम नाही, तो शर्ट कुठे मिळतो ते आधी सांगा. चौदाव्या प्रकरणात तो मुलीच्या खिडकीबाहेर रात्रभर बसून तिला झोपलेली बघतो, तेव्हा मात्र ती खरोखरच तापली. "याला प्रेम म्हणतात? न विचारता? पोलिसात द्या याला!" आणि एकदा, कुणास ठाऊक का, तिचा आवाजच उतरला. "हिला एक मैत्रीण द्या हो कुणीतरी. तीनशे पानं झाली. वंश वाचवायला सगळे येतात, पण 'जेवलीस का' असं एकानंही विचारलं नाही पोरीला."

टक्. "एवढा राग येतो तर सातही भाग घरी नेऊन का वाचलेत?"

ती पेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कारण शेवटी तो तिला निवडतो. चारशे वर्षांत, एवढ्या जगात... हिलाच. मला सहा वर्षांत छत्री न्यायला आलेल्या एकानंही साधं नाव विचारलं नाही." आणि लगेच, घाईघाईनं, "हे कापा हं. नक्की कापा."

टक्. "कापलं," तो म्हणाला. जरा उशिरानं म्हणाला.

राजीनाम्यानंतरच्या चौथ्या दिवशी ती स्टुडिओत पोचली, तेव्हा मालक दारातच उभे होते. चेहरा असा, की घरात कुणी आजारी असावं.

"लेखिकाबाई चार वाजता येतायत," ते म्हणाले. "फोनवर एकच वाक्य बोलल्या. 'कावीळ कुणाला झाली ते मला बघायचंय.'"

ती तडक यंत्रांच्या खोलीत जाऊन उभी राहिली. कात्री खुर्चीत बसला होता, दोन्ही हात मांडीवर, एखाद्या वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखा.

"चुकीची फाईल गेली," तो म्हणाला. "पुस्तकाची होती 'भाग एक अंतिम'. ही होती 'भाग एक तयार'. कुणी उघडून बघू नये म्हणून मुद्दाम इतकं नीरस नाव दिलं होतं... आणि मीच फसलो."

"ही म्हणजे कोणती?"

त्यानं खुर्ची पडद्याकडे वळवली.

"कोणती ही?"

"तुमची मतं. टाळीनंतरची. चव्वेचाळीस मिनिटं."

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तिला आधी नोकरी दिसली, मग बहिणीचा चेहरा, मग बस स्थानकाची ती बंद खिडकी. आणि या सगळ्यामागून हळूच ते छत्रीचं वाक्य आठवलं, आणि तिचे कान गरम झाले.

"तुम्ही म्हणाला होतात, कापलं."

"कापलंच होतं. टाकलं नव्हतं."

"का?"

"घरी जाताना ऐकायचो," तो म्हणाला. मान वर न करता. "रोज. दिवस कसाही गेलेला असो, तुमची कावीळ ऐकली की..." त्यानं वाक्य अर्धंच सोडलं.

इतर कुठल्याही दिवशी ती हे ऐकून विरघळली असती. पण आज तिला खोलीतली हवा कमी पडत होती. "तो खिडकीबाहेर बसून बघतो, तुम्ही घरी जाताना ऐकता," ती म्हणाली. "न विचारता. सांगा ना, काय फरक आहे?"

त्यानं विचार केला. खरोखरच केला, आणि हेच तिला पुढे कित्येक दिवस आठवत राहिलं.

"काही फरक नाही," तो म्हणाला. "मी हसत होतो त्याला. मी तोच आहे, हे आत्ता कळलं." मग तो उठला, टेबलावरची निळी पिशवी उचलून त्यात हेडफोन कोंबू लागला. "बाईंना सांगतो, फाईल मी ठेवली, मीच पाठवली. मी काम सोडतो. मी गेलो की त्यांचा राग निघेल, तुमचं काम वाचेल. तुमच्यासाठी तेच बरं."

"एकविसावं प्रकरण!" ती ओरडलीच. मालकांनी दारातून डोकं आत घातलं आणि तितक्याच वेगानं बाहेर घेतलं. "'तुझ्या भल्यासाठी मी जातोय!' सातही भागांत जातो मेला, दर वेळी एकविसाव्या प्रकरणात! आणि एकदासुद्धा तिला विचारत नाही, की बाई गं, तुझं भलं नेमकं कशात आहे!"

पिशवीचा बंद त्याच्या हातातच राहिला. "मग... मी काय करू?"

"विचारा ना!"

तो काहीतरी विचारणार होता. ओठ उघडलेही होते. तेवढ्यात बाहेर लिफ्टचं दार खडखडलं, आणि मालकांचा गोड केलेला आवाज आला, "या बाई, या, लवकरच आलात..."

लेखिकाबाई बुटक्या होत्या, केस पांढरे आणि बारीक कापलेले, पायात चालायचे बूट. हिनं सात भाग वाचून कुणीतरी काळ्या झग्यातली बाई कल्पली होती. बाईंनी कुणालाच नमस्कार केला नाही. सरळ कात्रीच्या खुर्चीत बसल्या, पाय जमिनीला जेमतेम टेकले. "लावा ती," म्हणाल्या.

आपलंच बोलणं चौघांत उभं राहून ऐकण्यासारखी शिक्षा नाही. कावीळ झाली. नापास झालं. पोलीस झाले. बाईंचा चेहरा भिंतीसारखा. ती स्वतःच्या बोटांकडे बघत होती, बोटं गार पडली होती. मग मैत्रिणीचं वाक्य आलं, 'जेवलीस का' संपलं, आणि पुढे काय आहे हे तिला ठाऊक होतं.

कात्रीनं हात पुढे करून आवाज बंद केला.

"का थांबवलंत?" बाई म्हणाल्या.

"यापुढचं तुमच्या पुस्तकाबद्दल नाही. ते यांचं आहे." तो तिच्याकडे वळला. चेहरा घामानं ओला. "आधीच विचारायला हवं होतं. आता विचारतो. लावू?"

सहा महिन्यांत तो काचेशिवाय तिच्या इतक्या जवळ कधी उभाच राहिला नव्हता.

"नको," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि हात खाली घेतला.

"मी घरी ऐकलंय ते," लेखिकाबाई म्हणाल्या. आवाज तसाच कोरडा होता, पण नजर बदलली होती. "मुली, काविळीवरून मी दोन दिवस जेवले नाही, इतकी चिडले. तुला काढून टाकायचं ठरवूनच निघाले होते. पण ते मैत्रिणीचं काही डोक्यातून जाईना. ही पुस्तकं लिहायला घेतली तेव्हा मलाही जेवलीस का विचारणारं कुणी नव्हतं. म्हणून त्या पोरीला मी चारशे वर्षांचा राजपुत्र दिला. साधी मैत्रीण द्यायचं सुचलंच नाही गं." त्यांनी पिशवीतून चष्मा काढला, पुसला, पुन्हा ठेवून दिला. "पुस्तकाची खरी फाईलही मागवून ऐकली. छान वाचतेस. फक्त चौदाव्या प्रकरणात तुझा राग ऐकू येतो. ते पुन्हा वाच. आत्ता, माझ्यासमोर. तो चुकतोय हे मलाही कळतं. पण त्याला काय वाटतंय ते वाच. जमलं तर सहाही भाग तुझे."

नाही जमलं तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

ती आत गेली. दार बंद झालं, बाहेरचं जग कापसात गुंडाळल्यासारखं झालं. हेडफोन चढवला. काचेपलीकडे बाई, मालक, आणि कडेला उभा राहून बटणांवर वाकलेला कात्री. लाल दिवा लागला.

"'खिडकीबाहेर तो बसून राहिला,'" ती वाचू लागली. "'आत जायचा त्याला हक्क नव्हता, हे त्याला माहीत होतं. पण तिच्या श्वासाचा आवाज ऐकला की चारशे वर्षांचं ओझं जरा हलकं व्हायचं...'"

आणि तिला दिसला तो बस स्थानकावरचा माणूस. डोळे मिटलेला, तीनतीनदा तीच घोषणा ऐकणारा. घरी जाताना कानात हेडफोन घालून एकटाच हसणारा. तिचा आवाज आपोआप खाली आला, मऊ झाला. मघाशी गार पडलेली बोटं आता पानावर स्थिर होती. तिनं परिच्छेद संपवला. एकही चूक झाली नाही.

बाईंनी डोळे मिटून मान डोलावली. मालकांचा जीव भांड्यात पडलेला काचेतूनही दिसला.

पण ती थांबली होती. लाल दिवा चालूच होता. तिनं पुस्तक खाली ठेवलं, आणि एक टाळी वाजवली.

कात्री दचकला. चुकलं कुठे?

"हा माणूस चुकला," ती माईकमध्ये म्हणाली. आवाज कापत होता, कापू दे. "न विचारता ठेवलं, ते चुकलंच. मी विसरणार नाहीये. पण मघाशी त्यानं विचारलं... आणि मी नको म्हटलं तर थांबला. सातही भागांत असं कुणी थांबलेलं मला आठवत नाही. मला तो आवडतो. पुस्तकातला नाही. बिस्किटांचा अर्धा पुडा घेऊन फिरतो, तो."

काचेपलीकडे मालकांनी छताकडे बघायला सुरुवात केली. लेखिकाबाईंनी पिशवीतला चष्मा घाईघाईनं काढून डोळ्यांवर चढवला, आणि आता चांगलं दिसतंय, अशा थाटानं कात्रीकडे पाहिलं.

त्यानं बोट बटणावर ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं.

टक्.

"टाळीनंतरचं आहे हे," तो तिच्या कानात म्हणाला. अगदी हळू. "नियमानं कापायला हवं. पण... तुम्हाला विचारतो. कापू, की ठेवू?"

तिनं काचेतून त्याच्याकडे पाहिलं.

"विचारलंत ना?" ती म्हणाली. "मग ठेवा."