थोड्या दिवसांची लेक

तुर्भे नाक्यावर बसची वाट बघताना श्रावणसर आली, आणि जयप्रकाशने मांडीवरचं गोधडीतलं गाठोडं छातीशी धरलं.

"तोंड झाका त्याचं," गीतांजली म्हणाली. "गारठा लागला की आवाज बसतो."

"झाकलंय गं. आज आधीच रुसलाय. कणिक लावली तरी बोलेना. मग दिल्या ठेवून दोन्हीकडून चापट्या!"

शेजारच्या चष्मेवाल्या बाई ताडकन वळल्या. "अहो, लाज नाही वाटत? तान्ह्या बाळाला मारता? आणि वर कणिक?"

जयप्रकाशने घाबरून गोधडी उघडली. आत पखवाज, एका तोंडाला आवाजासाठी ओली कणिक थापलेला! नेरूळच्या देवळात बुवांच्या कीर्तनाला साथ करून दोघं परतत होती. गीतांजली पदर तोंडाला लावून हसत सुटली. बाई मात्र न हसताच बसमध्ये चढल्या.

लग्नाला सहा वर्षं होऊनही घरात पाळणा हलला नव्हता. म्हणून दोघांनी एका संस्थेत नाव घातलं होतं — ज्यांचे आईबाप आजारी, अडचणीत, अशी लेकरं ते सावरेपर्यंत घरी सांभाळायची. गुरुवारी संस्थेच्या सुमेधाताई घर बघायला यायच्या होत्या.

भगवंताला विनोदाची भारी हौस. दार उघडलं, तर उंबऱ्यात त्याच चष्मेवाल्या बाई!

"गेलं आपलं मूल," स्वयंपाकघरात जयप्रकाश कुजबुजला. "पखवाज बघूनही हसल्या नव्हत्या त्या. अजून वाटत असेल, मी मारकुटा!"

"तुम्ही? झुरळ दिसलं तरी मला हाका मारता!"

"ते… तू धावत येतेस ना, ते बघायला."

"इश्श! चहा न्या आधी. आणि ते बटण लावा."

"तू लाव."

"बाई बाहेर बसल्यात!"

"म्हणून तर हळू बोलतोय…"

तिने बटण लावलं. त्याने तिची बोटं क्षणभर धरून ठेवली… आणि दूध उतू गेलं.

चहाचा कप खाली ठेवत सुमेधाताईंनी विचारलं, "मनाली चार वर्षांची आहे. आई क्षयाने दवाखान्यात, दुसरं कुणी नाही. आई बरी झाली की पोर परत द्यायची. जमेल?"

'हो, नक्की' हे उत्तर दोघांनी घोकून ठेवलं होतं. पण गीतांजली रिकामे कप उचलू लागली.

"जमणार नाही, ताई," जयप्रकाश म्हणाला.

गीतांजलीने हातातला कप तसाच खाली ठेवला. संपलं सगळं!

"मी तर रडेनच. मला समजावता समजावता हीसुद्धा रडेल. पण देऊ. आई आहे तिची… वाट बघत असेल ना."

सुमेधाताई पहिल्यांदाच हसल्या. "नक्की जमेल म्हणणाऱ्यांचीच मला धास्ती वाटते. शनिवारी आणते तिला. फक्त कणिक लावू नका!"

शनिवारी मनाली आली ती सोसायटीच्या फाटकाशीच थांबली. दोन्ही हात कमरेवर.

"आई बरी झाली की मी जाणार हां!"

"जा हो, राणी. मीच सोडेन तुला," जयप्रकाश म्हणाला, आणि शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज फाटला.

रस्त्यात बायकोच्या दोन पावलं पुढे चालणारा हा गृहस्थ! गीतांजलीने सगळ्या सोसायटीदेखत त्याचा हात घट्ट धरला.

"लोक बघतायत गं…" तो पुटपुटला. पण हात काही सोडवला नाही.

"बघू देत. नवरा आहे माझा. आवडतो मला!"

जयप्रकाशचे कान लालबुंद. मनालीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

"काकांचा हात का धरलाय? हरवतात?"

"हो गं… फार."

पोरीने जरा विचार केला. मग पुढे आली आणि तिने त्याच्या दुसऱ्या हाताचं बोट मुठीत धरलं.

"मग इकडून मी धरते."