खिशातला गूळ

बसा रे खाली. लाइट गेलीय ती काय तासभर येत नाही. बाळा, मीराला मागून घाबरवायचं नाही, नाहीतर इथेच बंद. आणि ही काही रचलेली गोष्ट नाही. आमच्या दत्तारामची हकीकत आहे. मिलमध्ये बारा वर्षं एका खात्यात होतो आम्ही.

१४ नोव्हेंबर १९८६, शुक्रवार. त्याच्या लेकीला, नलिनीला सातवा लागलेला, खरवसाचे डोहाळे. म्हणून दत्ताराम कांदिवलीहून आरे कॉलनीत ओळखीच्या गवळ्याकडे चीक आणायला गेला. गप्पांत बस चुकली. सव्वानऊला किटली घेऊन चालत निघाला.

आता मधलं ऐका. संपात नोकरी गेली तेव्हा हा एका सर्कशीत हत्तिणीला चारा घालायला लागला. मैना तिचं नाव. पिल्लू असताना धरून आणलेली, तीस वर्षं रिंगणात. माउथ ऑर्गन वाजवायची! अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत भिंतीभिंतीवर तिचं पोस्टर. खेळ संपला की दत्तारामच्या सदऱ्याच्या खिशात सोंड घालून गुळाचा खडा काढायची. रोज. पोटच्या पोरीला लावला नसेल एवढा जीव त्याने तिला लावला.

मग मालकाने तिला विकली. वरातीत फिरवायला. बोरिवलीच्या मैदानात ट्रक आला, पण मैना चढेना. अंकुश टोचून झाला, चार माणसं थकली. मालक म्हणाला, "दत्ताराम, तुझंच ऐकेल ती."

आणि हा गेला. ट्रकवर चढून नुसता खिसा दाखवला. ती मागोमाग चढली. याने साखळी अडकवली आणि उतरताना म्हणाला, "येतंय गो, मैना."

आपल्यात निघताना कोणी 'जातो' म्हणतं का? अभद्र. 'येतो'च म्हणायचं. सवयीने निघालं त्याच्या तोंडून. पण त्या मुक्या जिवाला काय ठाऊक? तिने ते खरं धरलं.

तिला ठेवली आरेतल्याच एका पडीक तबेल्यात. कांदिवलीहून फार तर तासाभराची वाट. दत्तारामला ठाऊक होतं. गेला नाही. कोणत्या तोंडाने जाऊ म्हणायचा. अरे लेका, ज्या तोंडाने 'येतो' म्हणालास त्याच! मला अजून राग येतो. रस्त्याकडे बघत उभी असायची म्हणे. चाऱ्याला शिवेना. एकविसाव्या दिवशी मेली.

"आणि त्या रात्री, जयवंतकाका?"

सांगतो ना, मीरा. त्या रात्रीची वाट त्याच तबेल्यावरून होती.

त्रिपुरी पौर्णिमा दोन दिवसांवर. चांदणं लख्ख. तबेला मागे पडला आणि पाठीमागे साखळी वाजली.

खण्...

हा थांबला. आवाज थांबला.

चालला.

खण्... खण्...

मागे बघायची छाती होईना. मानेवर ऊन श्वास. ओल्या गवताचा वास. मग खिशात काहीतरी शिरलं. ओलं. चाचपत राहिलं...

खिसा रिकामा होता.

त्याला म्हणायचं होतं, चुकलो, माफ कर. जीभ वळेना. वळली तेव्हा काय निघालं?

"येतंय गो..."

दुसऱ्यांदा.

मानेवरचा श्वास थांबला. हा किटली टाकून पळत सुटला.

घरी त्याच्या बायकोने, सुलक्षणावहिनीने पाहिलं, तर खिसा उलटा, भिजलेला. रडत रडत त्याने सगळं सांगितलं. सकाळी तीच म्हणाली, "आता तरी जावा. खरां काय तां सांगान येवा."

गेला. तबेल्यातल्या खुंटाशी गुळाचा खडा ठेवला. आणि जन्मात पहिल्यांदा तो शब्द उच्चारला.

"जातंय गो, मैना. परत येवचंय नाय."

काही वाजलं नाही. पान हललं नाही. त्याला वाटलं, ती सुटली. आपणही सुटलो.

घरी येऊन सदरा काढला...

खिशात तोच खडा. ओला. खाल्लेला नव्हता.

दोन वर्षं झाली. घरातून निघताना दत्ताराम आता काहीच बोलत नाही. खडा वहिनीने उघड्या वाटीत ठेवलाय, चुलीशेजारी. मी स्वतः पाहिलाय.

त्याला मुंगी लागत नाही.