मिरच्यांच्या शेजारी एक फटफटी

अंकुश मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी पिकअपच्या हौद्यात उभी राहून मिरचीच्या गोण्या रचत होते. वाणगावात थंडी सरायच्या बेताला मिरची जोरात असते. अशा वेळी कुणी रिकामा माणूस वाटेत उभा राहिला की माझं डोकं फिरतं.

"गाडीवाले कुठं हायत?" त्यानं खालून विचारलं.

"गाडीवाली मीच. बोला."

तो गडबडला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग गोण्यांकडे, मग स्वतःच्या चपलांकडे. "एक भाडं होतं... नाशिकच्या पुढचं."

"नाशिकला शनिवारी मी जातेच. काय न्यायचंय?"

"बाईक."

"बाईक माणसाला नेते. माणूस बाईकला नेताना मी पाहिला नाय."

तो हसला आणि त्याचे कान लाल झाले. इतक्या लवकर लाल होणारे कान मी आधी पाहिले नव्हते, म्हणून मी खाली उतरले. भाड्यासाठी, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं.

तो कुंभवलीचा. तारापूरच्या एका कारखान्यात फिटर, आणि उरलेल्या वेळात शर्यतीचं वेड. सरळ पट्टीवर दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सुटायचं, काही सेकंदांत खेळ खलास. "ती गाडी रस्त्यावर चालवता येत नाय," तो म्हणाला. "दिवा नाय, आरसा नाय, नंबर नाय. टेम्पोतूनच न्यावी लागते. आमचा नेहमीचा टेम्पोवाला लग्नाच्या भाड्याला गेला."

"मग पुढच्या वर्षी जा."

"प्रत्येक गटात मोजक्याच गाड्या घेतात. दोन वर्षं माझं नाव वेटिंगवर राहिलं. यंदा पक्कं झालंय." तो थांबला. "पण रविवारी सकाळी हजर नसलो, तर वेटिंगवरच्या पहिल्या माणसाला जागा जाते."

हे त्यानं इतक्या हळू सांगितलं की मला नाही म्हणताच आलं नाही.

घरी माईला सांगितलं. माई म्हणजे माझी आई. बाबा गेल्यापासून वाडी ती बघते आणि गाडी मी. ती म्हणाली, "मीपण येते. माझी बहीण नाशकात हाय." परक्या पोराबरोबर पोरगी घाटात पाठवायची नाही, असं ती बोलली नाही. तिला अचानक बहिणीची आठवण आली, एवढंच.

शनिवारी हौद्यात मागच्या बाजूला मिरच्या, पुढच्या बाजूला दोरांनी चहूकडून बांधलेली बाईक, आणि केबिनमध्ये आम्ही तिघं. माई अर्थातच मधे. मनोर सोडून विक्रमगडच्या रस्त्याला लागलो, तरी अंकुशची मान मागच्या काचेकडेच.

"मागं नवरी बसवलीय का?" मी विचारलं.

"तिच्याहून नाजूक हाय."

"मग तुमाला नवरी मिळणं कठीण हाय."

"बघू... अजून नाशिक लांब हाय," तो म्हणाला. माईनं खोकला काढला. मी निमूट गिअर बदलला, पण हसू काही आवरेना.

जव्हार सोडल्यावर एका वळणावर शेळ्या आडव्या आल्या. मी ब्रेक दाबला. मागं धाडकन आवाज झाला. उतरून पाहिलं, तर बाईक एका अंगाला कललेली, दोन गोण्या फुटलेल्या आणि हिरव्यागार मिरच्या रस्ताभर पसरलेल्या.

मला वाटलं, आता हा बाईकला कवटाळणार. पण त्यानं थंडीसाठी शर्यतीचे हातमोजे चढवले होते, ते न काढताच तो रस्त्यावर बसला आणि ओंजळी भरभरून मिरच्या गोळा करू लागला.

"आधी तुझी गाडी बघ ना," मी म्हटलं. 'तुमी' कधी गळून पडलं, कळलंच नाही.

"ती गोण्यांवर टेकलीय, तिला काय धाड भरलीय? मागून ट्रक येतोय, तुझ्या मिरच्या चिरडतील."

काही चिरडल्याच. त्या ठेचलेल्या मिरच्यासुद्धा त्यानं बाजूला काढून दिल्या. वाकून वाकून त्याच्या कपाळावर घाम आला होता, त्या थंडीत. त्या घडीला तो मला आवडला. आढेवेढे कशाला घेऊ?

संध्याकाळी व्यापाऱ्याकडे माल उतरवला, मावशीकडे मुक्काम केला. मिरचीचा हात डोळ्याला लावू नये, हे आमच्या वाणगावात पोरांना चालायच्या आधी शिकवतात. आम्ही तिघांनीही हाताला खोबरेल चोळून हात धुतले. हातमोजे मात्र कुणाच्याच डोक्यात आले नाहीत.

रविवारी धावपट्टीवर वेळेत पोचलो. गाडीची तपासणी झाली, हेल्मेट पाहिलं, हातमोजे पाहिले. अंकुशचा चेहरा असा उजळला की मीच नजर दुसरीकडे वळवली. त्याच्या गटाला हाक यायच्या बेतात होती. शेजारून एक गाडी धूळ उडवत गेली, आणि त्यानं हेल्मेटची काच वर करून मोज्यानंच डोळे पुसले.

पुढचं सांगायला नको. तो खालीच बसला. डोळे गच्च मिटलेले, गालांवरून धारा. दोन वर्षं वाट पाहून मिळालेली जागा त्याच्या हातातून चालली होती, आणि ती माझ्या मिरच्यांपायी. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

वेटिंगवरचा पहिला माणूस जवळच उभा होता. वापीचा मेहुल. जागा मिळेल का नाही याची खात्री नसताना इतक्या लांबून गाडी घेऊन आलेला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्यानं अंकुशकडे. मग तो पळत चहाच्या टपरीवर गेला आणि थंड दुधाचं पातेलंच घेऊन आला. पाण्यानं डोळे धुऊन झाले होते. माईनं पदराची घडी दुधात भिजवून अंकुशच्या मिटल्या डोळ्यांवर ठेवली. मी आयोजकांना थोपवायला धावले.

"हजर नसेल तर पुढच्याला घ्यावं लागेल," आयोजक म्हणाले. "मेहुल, तयार आहेस?"

"नाय साहेब. माझी गाडी चालूच होत नाय," मेहुल म्हणाला. त्याच्या मागं त्याची गाडी धडधडत उभी होती.

आयोजकांनी त्या गाडीकडे पाहिलं, मेहुलकडे पाहिलं आणि हसून दुसरा गट आधी सोडला. तोवर रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांनी अंकुशचे डोळे नीट तपासून होकार दिला. मेहुलनं आपले हातमोजे काढून त्याच्या हातात कोंबले. मी त्याचे आभार मानायला लागले, तर तो म्हणाला, "बेन, मी पण कालपासून देवाला हात जोडत होतो की कुणी तरी येऊ नये. आता मला लाज वाटते. राहू द्या."

हिरवा दिवा लागला. अंकुश सुटला तो दिसलाच नाही, फक्त आवाज छातीतून गेला. शेजारचा जिंकला. अंकुश बाहेर.

तो गाडी ढकलत परत आला. हेल्मेट काढलं, तर डोळ्यांत पुन्हा पाणी.

"अजून झोंबतंय?"

"नाय. ते कवाच थांबलं."

"मग हरल्याचं वाईट वाटतंय?"

"वाईट?" तो म्हणाला. "माझ्यासाठी कुणी घाट चढून गाडी आणली, कुणी पदर भिजवला, कुणी आपली जागा सोडली. भाविका, माझं एवढं कुणी कधी केलंच नव्हतं. एवढं घेऊन कुंभवलीला कसा जाऊ, तेच कळत नाय."

वाकड्यात बोलायची सवय मला, पण त्या वेळी मी त्याच्या हातातलं हेल्मेट घेऊन त्याची धुळीची काच पुसायला लागले.

"आणखी एक," तो म्हणाला. कान पुन्हा लाल. "मघाशी माईंना सांगितलं मी... की मला तू आवडतेस. डोळे मिटलेले होते म्हणून जमलं."

"आणि माई काय म्हणाली?"

"म्हणाल्या, हलू नको, दूध कानात जाईल."

मी हसले, इतकी हसले की मेहुलनं वळून पाहिलं. मग डोळे पुसून मी अंकुशच्या समोर जाऊन उभी राहिले, अगदी जवळ.

"आता मला सांग," मी म्हटलं. "डोळे उघडे ठेवून."

आणि त्यानं सांगितलं.