सावडीचा दिवस

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा त्याच्या हातात भोंगा होता, आणि त्याचं कुणीही ऐकत नव्हतं.

जून महिना, आमच्याकडचा ऐन हिवाळा. मी पाठीवर बटाट्यांचं पोतं घेऊन माळाकडे निघाले होते. वाटेत हा पोरगा उभा, नाक लालबुंद, खांद्याला यंत्रांची पिशवी. भोंग्यातून सांगत होता की आज रात्री कडाक्याची थंडी पडणार, पारा उणे पंधरावर जाणार, सगळ्यांनी घरात राहावं. ते ऐकलं मात्र, आणि आमच्या रितीपाता गावातली घरंच्या घरं बाहेर पडली. शेजारची सातुर्निना मावशी तर पोतं घेऊन धावली.

त्यानं भोंगा खाली केला. "सेन्योरिता, हे लोक... कुठे चाललेत?"

"तुम्हीच सांगितलंत ना थंडी पडणार म्हणून. बटाटे पसरायला चाललेत."

त्याचा चेहरा बघून मला दया आली. थोडीशीच. मग सांगितलं त्याला — बटाटे रात्री उघड्या माळावर गोठू द्यायचे, चांगल्या दोन-चार रात्री, मग उन्हानं सैल पडले की अनवाणी तुडवून पाणी काढायचं आणि वाळवायचे. झाला चुन्यो. तो वर्षभर पुरतो. थंडीच पडली नाही तर खायचं काय?

"तुम्ही कुठले?"

"इकाचा. तिकडे वाळवंट आहे..."

"तरीच."

त्याचं नाव एफ्राइन. हवामानाच्या कचेरीनं त्याला वरच्या गावांतली थंडी आणि बर्फ मोजायला पाठवलं होतं. गावाबाहेरच्या टेकाडावर त्यानं पांढरी लाकडी पेटी उभी केली, आत तापमापक, शेजारी बर्फाची उंची बघायला खुणांची काठी. रोज पहाटे आकडे घ्यायला गावसभेनं मला नेमलं. शाळा शिकलेली, आणि बिनलग्नाची म्हणजे पहाटे रिकामी, असा सभेचा हिशेब.

शिकवताना तो माझ्या शेजारी वाकला. काचेजवळ श्वास रोखायचा, म्हणाला, नाहीतर उबेनं पारा चढतो आणि आकडा खोटा येतो.

मी रोखला. तो बोलतच होता.

"आता सोडू का? का तुमचं भाषण संपेपर्यंत धरून ठेवू?"

पारा तेवढ्यात चढला होता. माझ्याकडे न बघता त्यानं पेटीचं दार लावलं आणि म्हणाला, आजचा आकडा धरायला नको.

त्यानंतर रोज सकाळी मी गावच्या वायरलेसवरून आकडा सांगायची, आणि खाली तालुक्याला तो ऐकायचा. उणे दहा. उणे चौदा. एकदा आकडा लिहून झाल्यावर त्यानं विचारलं, "आणि तुम्हाला किती वाजली थंडी?" मी म्हटलं, ते तुमच्या तक्त्यात बसायचं नाही. वायरलेस साऱ्या खोऱ्यात ऐकू जातो, हे दोघांनाही माहीत होतं. सातुर्निना मावशीनं आईला विचारलंच, "त्या पेटीत तापमापक आहे की जावई?"

पुढच्या वर्षी जुलैत आमचं सगळं पीक माळावर पसरलेलं होतं. दोन रात्री छान गोठलं होतं, अजून एकदोन हव्या होत्या. वायरलेसची बॅटरी बसली होती. दुपारी खिंडीकडून एक माणूस चालत येताना दिसला. या खेपेला भोंगा नव्हता.

संध्याकाळी बर्फ पडणार, म्हणाला. पुष्कळ. बटाटे उचला.

बाबांनी वर पाहिलं. आभाळ स्वच्छ निळं. "गेल्या वर्षी हा आम्हाला थंडीला भ्यायला सांगत होता," ते म्हणाले, आणि सगळे हसले. पण हसण्याची गोष्ट नव्हती. बर्फाच्या पांघरुणाखाली बटाटा गोठत नाही, काळा पडून सडतो. आणि बर्फ न पडता उगाच पोत्यांत भरला, तरी दुपारच्या उबेनं आंबतो. कसंही चुकलं तरी वर्षाचं खाणं गेलं. बाबा कोकाची पानं चघळत राहिले. मग मला म्हणाले, "नेलिदा, पेटी तू वाचतेस. तूच ठरव."

मी त्याला बाजूला घेतलं. "खात्री आहे?"

"नाही," तो म्हणाला. "पण चुकलो तर तुमचा सगळा चुन्यो मी एकटा तुडवीन. अनवाणी."

"चुकलात तर तुडवायला चुन्यो उरायचाच नाही."

त्यानं मान डोलावली, खिंडीतल्या वाऱ्यानं ओठ फुटलेला. 'खात्री आहे' असं खोटं बोलणं किती सोपं होतं त्याला... माझं तिथेच ठरलं.

"पोत्याचं तोंड धरा," मी म्हटलं.

दुपारभर आम्ही वेचत होतो. बटाटे बर्फासारखे गार, बोटं बधिर. त्याची बोटं माझ्या बोटांना लागली तरी दोघांनाही पत्ता लागत नव्हता, किंवा तसं आम्ही धरून चाललो होतो. थोड्या वेळानं बाबाही कुरकुरत आले. शेवटचं पोतं कोठीत गेलं आणि दारातच माझ्या पापणीवर पहिला कण पडला. मग मात्र अख्खं गाव माळाकडे धावलं. बऱ्याच जणांचं वाचलं, काहींचं गेलं.

काठीच्या सगळ्या खुणा बुडाल्या. वाट बंद झाली, आणि एफ्राइन शाळेच्या खोलीत अडकला. रोज आमच्याकडे सूप प्यायचा. बाबांना मात्र वेगळीच टोचणी. आमच्याकडे कुणाची सावड अंगावर ठेवत नाहीत. तू माझ्या शेतात एक दिवस दिलास, तर मी तुझ्या शेतात एक दिवस देणार. पण याला ना शेत, ना अल्पाकांचा कळप, ना शाकारायला छप्पर. फेडायचं कसं? बाबांनी विचारलं की तो लाजून सूप पिऊ लागायचा.

बर्फ वितळलं, आभाळ उघडलं, कडक रात्री परत आल्या. बटाटे पुन्हा पसरले, गोठले. तुडवायच्या सकाळी मी माळावर गेले तर हा आधीच आमच्या ढिगावर चढलेला. बूट बाजूला काढलेले. वाळवंटातली ती पावलं पार निळी पडली होती.

"तुमचं खरं झालं. मग तुडवताय कशाला?"

"तुमच्यावर अजून एक दिवस चढवतोय."

"आधीचाच फिटला नाही. हा कसा फेडायचा आम्ही?"

"घाई नाही..." तो पायांकडे बघत म्हणाला. "फिटला, तर मला इकडे यायला कारण उरणार नाही."

पलीकडच्या ढिगावर सातुर्निना मावशीचे पाय थांबले. साऱ्या माळाचेच थांबले असावेत.

मी बूट काढले. त्याच्याच ढिगावर चढले.

"एफ्राइन, नुसता नाचू नकोस. पायाखाली घोळव, म्हणजे साल सुटते. जन्मभर तुडवायचंय, तर नीट शीक."

तो जागच्या जागी थिजला. श्वास रोखून, अगदी पेटीतल्या काचेजवळ रोखतात तसा.

"सोड आता," मी म्हटलं. "इथे पारा चढला तरी चालेल."